डाव्या हाताचा कायदा

इटलीच्या माणसाला इटलीचे कायदे शिकवू शकेल असा गृहस्थ उभ्या सोलापुरात एकच आहे, आणि आम्ही त्यांचे भाडेकरू आहोत. आमचे घरमालक स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. जन्म चादरीच्या मागांवर गेला. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आवाज असा की समोर माग चालू असावा. ते निवृत्त झाले, पण त्यांची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. कुठे गुंता दिसला की त्यांचं डोकं फिरतं. माझ्या बुटांच्या नाड्या, आमच्या हिच्या विणकामाची लोकर, जिन्यातला वायरींचा जुडगा, सगळं त्यांनी न विचारता सोडवून ठेवलेलं आहे. एकदा नवी पेठेत ऐन गर्दीत एका फुलवालीचा दोरा सोडवत उभे राहिले. मागे रिक्षा अडकल्या, शिव्या सुरू झाल्या, आणि मी यांना ओळखतच नाही असा चेहरा करून शेजारच्या दुकानातले टॉवेल बघत राहिलो.

स्पॅगेटीशी त्यांची गाठ पडली ती एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये. ताटलीतल्या त्या लांबलचक शेवया बघून ते आचाऱ्यावर उखडले. "सूत असं देतात व्हय? आमच्या कारखान्यात घरी बसवलं असतं की तुला!" असं म्हणून तिथेच एकेक शेवई वेगळी करू लागले. मालकीणबाई कोपऱ्यात न जेवता बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेल्यापासून त्या चारचौघांत जेवायच्याच नाहीत. "डाव्या हातानं पंगतीत खाऊ? लाज न्हाय व्हय मला?" म्हणायच्या. घरीसुद्धा सगळ्यांचं उरकल्यावर भिंतीकडे तोंड करून दोन घास खायच्या, तेही धड नाहीत. बाई वाळून काटकी झाली होती. त्या दिवशी समोरच्या टेबलावर एक पाहुणा उजव्या हातात मोबाइल धरून डाव्या हाताने काट्यावर शेवया गुंडाळत होता. घरमालक हातातली शेवई तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी आम्हा सगळ्या भाडेकरूंना वर जेवायचं फर्मान सुटलं. उकडलेली स्पॅगेटी परातीत पसरून घरमालक ती नव्या कोऱ्या लाकडी फणीने विंचरत होते! स्पॅगेटी उकडलेलं पाणी आमची ही ओतून टाकायला निघाली तर ओरडले, "अवो, ती खळ हाय! खळीबिगर सूत टिकतंय व्हय?" मग त्या पाण्यात लसूण, तेल आणि मूठभर शेंगाचटणी. चीजला ते साबण म्हणतात. पदार्थ लागला बरा, पण जिभेचा जाळ झाला. खरी मौज पुढेच होती. मी काटा उजव्या हातात घेतला तर म्हणाले, "हां हां, डावा! इटलीत तसाच कायदा हाय. उजवा हात मांडीवर." आम्ही सगळे डाव्या हाताने धडपडू लागलो. माझ्या शर्टावर लाल नक्षी उमटली. मालकीणबाईंनी सगळ्यांच्या हातांकडे नीट बघून घेतलं. "तिनु, तिनु," घरमालक हळूच म्हणाले, म्हणजे खा, खा. आणि मालकीणबाईंनी काटा उचलला. कायदा कशासाठी होता ते आम्हाला तेव्हाच कळलं. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही, आणि मालकीणबाईंच्या गालांवर जरा मांस दिसू लागलं.

घात केला तो माझ्या साडूने. कंपनीच्या कामासाठी इटलीत राहून आलेला माणूस. मी जिन्यातच त्याला बजावून ठेवायला हवं होतं, पण लक्षात राहिलं नाही. पंगतीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "छे हो, तिकडे असलं काही नसतं. सगळे उजव्याच हाताने खातात." मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती हिला लागली. घरमालकांचा चेहरा पांढरा पडला. मालकीणबाईंनी काटा खाली ठेवला. झालं, संपलं, आता ही बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, असं मला वाटलं.

मालकीणबाई साडूला म्हणाल्या, "पावणं, तुमी दुसऱ्या कुटल्यातरी गावाला गेला असाल. ह्यांच्या इटलीत असंच हाय." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मला काय ठाऊक न्हाय व्हय? पैल्या दिवसापासनं ठाऊक हाय. बसा आता, गार होतंय." आणि काटा उचलला. घरमालक मात्र "खळ उतू चाललीय," असं काहीतरी पुटपुटत आत गेले. गॅस कधीच बंद केलेला होता.

गेल्या थंडीत मालकीणबाई गेल्या. रविवार आले आणि गेले, वरून हाक आली नाही. आम्हीही विचारलं नाही, काय विचारणार? मग परवा अचानक हाक आली. या वेळी स्पॅगेटी विंचरलेली नव्हती, पातेल्यातून तशीच ताटलीत घातली होती. घरमालक कुणाकडेच न बघता म्हणाले, "आता कुटल्याबी हातानं खावा. कायदा उठला." हिने काटा डाव्या हातात घेतला. मग मी घेतला, मग बाकीच्यांनी. घरमालकांनी सगळ्यांच्या हातांवरून नजर फिरवली, मग ताटल्यांकडे बघितलं.

"थांबा, खाऊ नका," ते म्हणाले. "गुंता तसाच ऱ्हायलाय की." आणि फणी आणायला उठले.