गुण म्हणजे मार्क न्हाईत

पोरगी पाचवीत गेली तरी शाळंत तिसरीतल्या लेकरांत मिसळून जायची. फ्रॉक विटायचे, पन आखूड व्हायचे न्हाईत. लातुरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला बाहेर पाठवलं, अन् रिपोर्ट आल्यावर म्हनले, “हिच्यात एक गुणसूत्र कमी आहे.” पुढं लई बोलले, निम्मं इंग्रजीत. हृदयाची टूडी इको तपासनी करून घ्या, एवढंच उमगलं. मी सातवी शिकलेली. काई इचारलंच न्हाई.

घरी सासूला म्हनलं, “गुन कमी हाय म्हनले.”

झालं! आमच्या गल्लीत घरोघरी क्लासची पोरं भाड्यानं ऱ्हातेत, टपरीवर बी मार्काच्याच गप्पा. गुन म्हनल्यावर दुसरं काय? सासू म्हनली, “मंग हिचा क्लास बंद कर की. डोकं कमी तर कशाला धाडायचं?” पोरगी रडाया लागली. वाचनात वर्गात पैली हाय ती!

मालक म्हनले, “आयेवर गेली.”

“न्हाई रं,” सासू म्हनली, “भूकंपात ही पोटुशी व्हती, बोंबलत बाहेर पळाली. तवाच काईतरी हाललं. माहूरला नवस बोलू.”

हृदयाचं कुनी नाव काढंना. मी काढलं तर दोघं म्हनायचे, “उड्या मारती की!”

शेवटी मीच रिक्षा करून डॉक्टरकडं गेले. “सायेब, तिचे गुन कशानं वाढतेत?”

ते हसले, मंग खुर्ची पुढं ओढली. “बाई, गुण म्हणजे मार्क नाहीत. अंगातल्या बारक्या पेशींत धाग्यासारखं असतं, ते गुणसूत्र. पोरींना एक्स नावाचे दोन लागतात, हिला एकच आहे. यात कुणाची चूक नाही. भूकंपाची पण नाही. डोकं चांगलं आहे. उंचीसाठी सुया देऊ, पाळी पुढं औषधानं आणू. पण हृदय अजून बघितलं नाही? का थांबलात?”

“असं साधं आधीच का न्हाई सांगितलं?” मी वरडलेच.

घरी येऊन सगळं सांगितलं. मालक म्हनले, “पाळी औषधानं? मंग लेकरं? हिला करून कोन घेईल?”

“अवं, तिचं हृदय बघायचंय अजून!”

“हळू बोल. शेजारी ऐकतेत.”

पोरगी दारात उभी व्हती. “आई, त्या तपासनीत दुखतंय का गं?”

ते बी मी इचारलं नव्हतं. “न्हाई दुखत,” म्हनलं, तिचा हात धरला अन् चपला घातल्या.