चौथ्या प्रभागातली माणसं

मिस ओझेला ग्रेअर यांच्याबद्दल मला खरं म्हणजे फार थोडं माहीत आहे. मी चर्चचा डीकन, म्हणजे सेवेकरी; तिथे अठरा वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो, पण त्यांचे यजमान कधी वारले हेही मी कधी विचारलं नाही. त्यांच्या माघारी लिहायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करा.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आमच्या अलाबामातल्या त्या कापूसपट्ट्यात काळ्या माणसाचं घर न् घर त्यांना ठाऊक होतं, आणि कुठल्या घरातून किती पोरं चढतात तेही. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या पाच खुर्च्यांवर मात्र आमच्यातलं कुणी कधीच बसलं नव्हतं. कोर्टाने दटावलं तेव्हा गोऱ्या साहेबांनी प्रभागांचा नकाशा नव्याने आखला आणि चौथा प्रभाग तुमचा, म्हणाले. शंभरात बासष्ट काळे, असं कागदावर होतं. चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण झालं आणि मिस ओझेला त्या खुर्चीसाठी उभ्या राहिल्या.

आकडा फक्त त्यांनाच पटत नव्हता.

"डीकन, एकोणीसशे काळी माणसं म्हणे. माझ्या सगळ्या थांब्यांवरच्या घरांतली थोरपोरं मिळून आठशे होतात."

"वस्ती वाढली असेल."

"वाढली तर त्यांची पोरं शाळेत गेली कशी? तुमच्या पाठुंगळी बसून?"

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी मांडीवर नकाशा घेऊन त्यांच्या गाडीत बसलो. दारं ठोठावत गेलो. पाइनची लागवड लागली तिथे घरं संपली. नकाशावरची रेघ पुढे जातच होती. कुठे कुत्रं भुंकेना. शेवटी तारेचं कुंपण आलं. त्याच्या आत तुरुंग.

त्यांनी गाडी कुंपणापाशी उभी केली.

"हे बाकीचे अकराशे," त्या म्हणाल्या. "मोबील, बर्मिंगहॅम असल्या लांबच्या शहरांतली पोरं. जनगणनेत इथली म्हणून मोजली. मत द्यायची मात्र बंदी."

"परत फिरू या, मिस ओझेला."

त्यांनी बसचा वाजवत तसा हॉर्न दोनदा वाजवला. लांबच्या अरुंद खिडकीतून एक हात बाहेर आला. मग दुसरा. मग भिंतभर हातच हात, आणि आवाज एकही नाही. त्या ओठ हलवत मोजत होत्या.

नोव्हेंबरात त्या हरल्या. आमच्यातल्या एकूणएकाने मत देऊनही.

त्यानंतर रोज सकाळी सात वाजता त्यांची गाडी माझ्या ओसरीवरून कुंपणाकडे जाताना दिसे. एकदा मी लागवडीपर्यंत चालत गेलो. त्यांनी मागचं दार उघडलं होतं आणि माणूस चढायला लागतो तेवढा वेळ थांबून त्या मान हलवत होत्या. पुन्हा थांबत. पुन्हा मान. परतताना गाडी अगदी सावकाश आली. मागून दबलेली वाटली. स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील. मला गाड्यांतलं कळत नाही.

फेब्रुवारीत माझा ट्रक बिघडला. डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून त्या परतताना मी हात केला. ते आमचं शेवटचं बोलणं; त्यानंतरच्या रविवारी आमच्या बाकावर मी एकटाच होतो.

"गावात सोडता का?"

त्यांनी वळून मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"आज नाही जमायचं, डीकन. सगळे अगदी चिकटून बसलेत."

"बरं. मग उद्या बघू."

"उद्या जरा लवकर उभे राहा."