स्पीकरवर घेतलेली मुलाखत

मंडळी, लॉकडाऊनमुळे गावोगाव फिरणं बंद आहे, त्यामुळे माझ्या पीएचडीच्या मुलाखती सध्या फोनवर चालू आहेत.

आज धामणगाव बढेच्या एका शेतमजूर ताईंना फोन लावला. घरात मोबाईल एकच, तोही नवऱ्याचा. त्या भाऊंनीच स्पीकर लावला आणि ताईंच्या शेजारीच बसले.

"घरातले निर्णय कोण घेतं?" मी विचारलं.

"दोघं बी घेतो," भाऊ म्हणाले.

"ताई, तुम्ही सांगा ना."

मग ताई म्हणाल्या, "त्यायनं सांगतलं तेच लिही बाई. बाकीचं तू घरी येशीन तवा सांगीन."

सहामाही अहवाल उद्या द्यायचाय, म्हणून मी 'दोघे' असं लिहून टाकलं.

उत्तर नेमकं कोणी दिलं, हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाही. फॉर्म मीच बनवलाय. तुम्ही काय लिहिलं असतं?