स्वामी कुणाला म्हणायचं

हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या माणसाला सगळे भगत म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत बसायचे आणि हा डबा उघडण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, म्हणून भगत. "अरे, आमचंही बघ जरा वर काही जमतं का!" असं कुणीतरी ओरडायचं आणि हा नुसता हसायचा. माणूस म्हणजे अगदी गरीब गाय.

आता गंमत बघा. हाच गृहस्थ दिवसभर सुपरवायझरला 'साहेब, साहेब' करायचा. आणि तो साहेब कसा? अकलेचा कांदा आणि तोंडाचा फाटका. चादरीला एक सुरकुती राहिली की सगळ्यांदेखत असा खेकसायचा, की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. "हो साहेब, चुकलं साहेब," म्हणत भगत मान खाली घालायचा आणि मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. त्या 'साहेब'वरून त्याच्या देवाने कधी हूं की चूं केलं नाही.

झोप उडाली ती घरातल्या एका शब्दावरून.

भगताची बायको शहरातली बस चालवायची. लग्न दोघांचंही दुसरं आणि उशिराचं, त्यामुळे लाजण्या-मुरडण्यात वेळ घालवायला दोघांकडेही उमेद नव्हती. दार आतून लावलं की घरात तिचा शब्द चालायचा, आणि तो तसा चालावा हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. काही जोडप्यांना बरोबरीत सुख असतं, ह्यांना नव्हतं. ती सांगणार, हा ऐकणार. ती खुर्चीत बसली की हा तिच्या पायाशी बसायचा, ती म्हणेपर्यंत उठायचा नाही, आणि तळघरातली सगळी वाफ, सगळी खेकसाखेकसी त्या बसण्यात उतरून जायची. एखाद्या दिवशी मन नसलं तर "आज नको" एवढं म्हटलं की विषय संपला. हा नियमही तिनेच घातलेला आणि तीच तो काटेकोर पाळायची. यात कुणाच्या बापाचं काय जात होतं?

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला स्वामिनी म्हण."

त्याने म्हटलं, आणि म्हणताना त्याला इतकं बरं वाटलं की तिथेच घोळ झाला. कारण स्वामी हा शब्द त्याच्या घरात पूर्वीपासून एकालाच राखून ठेवलेला. लहानपणी आईने मांडीवर बसवून शिकवलेली प्रार्थना त्या शब्दानेच सुरू व्हायची. 'स्वामी, मी तुझ्या पायाशी आहे.' आता तो डोळे मिटून हे म्हणायला लागला की देवाच्या जागी स्टिअरिंगने घट्टे पडलेले दोन हात समोर यायचे. आणि घरी तिला स्वामिनी म्हणायला गेला की आई आठवायची. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. माणूस आतून पार थकून गेला.

शेवटी तो प्रार्थनाघरातल्या थोरल्या काकांकडे गेला. काका तिथले सर्वांत वडील, सगळे त्यांनाच विचारायचे. पण खरं विचारायला जीभ रेटेना. "काका, देवाला वाहिलेला मान माणसाला दिला तर पाप लागतं का हो?" एवढंच कसंबसं बोलला.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या त्या सुपरवायझरचं म्हणतोस ना? कळतं रे मला. पोटासाठी वाकावं लागतं. तोंडाने म्हण, मनापासून म्हणू नकोस, म्हणजे झालं."

घ्या! दुखणं पोटात आणि मलम गुडघ्याला. तोंडदेखलं म्हणण्यात तर भगताची हयात गेली होती. पंचाईत झाली होती ती मनापासून म्हटल्याची. काकांना नमस्कार करून तो बिचारा आला तसा परत गेला.

पुढच्या प्रार्थनेला वाचायची पाळी नेमकी त्याचीच होती. सगळे उभे, मान खाली, डोळे मिटलेले. भगताने तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द घशात अडकला. तो थांबला. मग शब्द तसाच गिळून पुढचं वाचून मोकळा झाला. घसा बसला असेल असं समजून कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. बायको ड्यूटीवरून परस्पर आलेली, गणवेशातच मागच्या रांगेत उभी होती. तिने सगळं पाहिलं.

घरी आल्यावर तिने बूट काढले, खुर्चीत टेकली. तो सवयीने खाली बसायला गेला.

"वर बस," ती म्हणाली. "तो शब्द का गिळलास?"

मग त्याने सांगितलं. आईचं, प्रार्थनेचं, समोर येणाऱ्या हातांचं, सगळं. "तिथे म्हणताना लाज वाटते गं. आणि इथे म्हणताना भीती."

"मग 'आज नको' म्हणायला जीभ झडली होती?"

"दिवसभर लोक तुला काय वाट्टेल ते बोलतात," तो म्हणाला. "बस उशिरा आली तरी तू, गर्दी झाली तरी तू. घरी येऊन तुला एवढा एकच मान मिळत होता. तो कसा काढून घेऊ?"

तिचे डोळे भरून आले. पण रडून मोकळी होणाऱ्यातली ती नव्हती, तिने आधी रागावून घेतलं. "देवाच्या ताटातला घास उचलून मला भरवत होतास होय रे? आणि स्वतः दोन्हीकडे उपाशी? असलं मला नाही पचायचं." त्याच्याइतकीच दमलेली होती ती. "ऐक. आजपासून तो शब्द मला नाही. पुढच्या वेळी तिथे उभं राहून मोठ्याने म्हणायचा. गिळायचा नाही. हे मी सांगतेय, कळलं?"

"आणि तुला काय म्हणू?"

"मला अहो म्हण. देवाला तू जन्मभर अरे-तुरेच करत आलायस, 'अहो देवा' कुणी म्हणतं का? तेवढं माझ्या वाट्याला राहू दे."

"बरं."

"बरं काय?"

"बरं, अहो," तो म्हणाला, आणि किती दिवसांनी दोघंही हसली.

पुढच्या प्रार्थनेला भगताने स्वतःहून पाळी मागून घेतली. तिची त्या दिवशी डबल ड्यूटी लागलेली, मागच्या रांगेत तिच्या जागी दुसरंच कुणी उभं होतं. त्याने तो शब्द स्पष्ट, खणखणीत म्हटला. थोरल्या काकांनी समाधानाने मान हलवली. सुपरवायझरचा प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं असावं.

प्रार्थना संपल्यावर लोक आवराआवर करायला लागले, तरी भगत डोळे मिटून तसाच उभा होता. पाय दुखत होते, पण कितीतरी आठवड्यांनी समोर ते हात येत नव्हते.

"स्वामी," तो मनात म्हणाला, "आलोय मी. त्यांनी पाठवलंय."