उशिरा येणारा जावई

लालबागला यतीनशेठच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करावी ती सुभद्रानेच. आधी तिचे वडील करायचे, मग ती. घोडपदेवच्या चाळीत तिच्या जिभेला सगळे टरकून असत, पण हातात ब्रश आला की बाई श्वाससुद्धा जपून घेई. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी परांचीवर चढायला साफ मनाई केली. मोठ्या मूर्तीचे डोळे आता दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार, या विचाराने तिला घास गोड लागेना.

तिची भाची प्रिती इंजिनिअर. तिने परांचीवर कॅमेरा लावलेला एक यांत्रिक हात बसवला आणि खाली खुर्चीत बसलेल्या मावशीच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला. चष्म्यात बाप्पाचा चेहरा अगदी नाकासमोर! सुभद्राने हातातली दांडी वळवायची, की वर ब्रश वळणार, असा बेत. पण ब्रश वळायचा मागाहून. तोवर ती दांडी आणखी रेटायची आणि सरावाच्या मुखवट्यावर भुवईची पार मिशी व्हायची.

"हा मेला जावई हाय काय? धा वेळा बोलवल्याबिगर हलत नाय!"

"त्याची चूक नाही गं मावशी. तुझा हात हलला ही खबर लांबच्या कॉम्प्युटरकडे जाते, तिथून वर येते. त्यातच उशीर होतो."

प्रितीने मग तो कॉम्प्युटरच कारखान्यात आणून बसवला. आणि काय सांगावं! दांडी आणि ब्रश जोडीने चालू लागले. सुभद्राने एका दमात भुवई ओढली आणि खुर्चीतच टाळ्या पिटल्या.

आखणीच्या दिवशी मंडळाची माणसं दारात येऊन थांबली. आखणी चालू असताना आखणाऱ्याखेरीज कुणी मूर्तीकडे बघायचं नाही, हा कारखान्याचा जुना शिरस्ता. म्हणून यतीनशेठने मूर्तीभोवती नवाकोरा सोनेरी पडदा लावला. सुभद्राने दांडी हलवली. जावई पुन्हा रुसला!

प्रितीने पडदा चाचपला. "शेठ, यात धातूची जर आहे. सिग्नल अडतोय. पडदा काढा."

"पडदा कसा काढू? शिरस्ता हाय. सुभद्राताई, राहू दे आता, दुसऱ्याला चढवतो."

सुभद्रा खुर्चीतूनच कडाडली, "काढा तो पडदा! आणि सगळ्यांनी पाठ फिरवा. शेठ, तुमी पण!"

मंडळाचे आडदांड कार्यकर्ते निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. प्रितीनेही चष्म्यातलं चित्र दाखवणारा लॅपटॉप मिटला आणि पाठ फिरवली. आपलं यंत्र चालतंय की नाही हे बघायला ती तडफडत होती, पण कारखान्यात ब्रशचासुद्धा आवाज येत नव्हता.

सुभद्राने दांडी उचलली. वर ब्रश उचलला गेला, तिच्याच वेगाने, तिच्याच हळुवारपणे. पापणी उतरली, कड वळली, शेवटी बुबुळात प्रकाशाचा ठिपका पडला. बाप्पाने तिच्याकडे पाहिलं. तिने ब्रश अलगद मागे घेतला.

"वळा आता," ती कशीबशी म्हणाली.

एकच जल्लोष झाला. सगळे डोळ्यांकडे बघत होते, प्रिती मात्र ब्रशकडे. तो हवेत थरथरत होता. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं! तिने मागे वळून पाहिलं. खुर्चीत मावशी दांडी घट्ट धरून हमसून हमसून रडत होती, आणि तिच्या प्रत्येक हुंदक्याबरोबर वरचा ब्रश त्याच क्षणी थरथरत होता.