कामासाठी फिट

पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. सिंगापुरात नुसती नवऱ्याच्या वर्क पासवर आलेली, नोकरीची परवानगी नसलेली बायको. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून तोआ पायोहच्या एका केंद्रात फुकट व्यायाम शिकवायला जाऊ लागले. सरकारी मदतीवर जगणाऱ्या बेकारांना धडधाकट करून कामाला लावायचं, असा तो कार्यक्रम. ऐकायला काय, छानच वाटतं.

तिथे साठीच्या एक चिनी आंटी यायच्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, वर्षानुवर्षं लोकांची उष्टी ताटं उचलून त्यांची कंबर कामातून गेली होती. मदत कायम मिळणार नव्हती. त्यांना काम हवंच होतं, पण बसून करायचं. आम्ही दोघींनी त्या कंबरेवर जीव तोडून मेहनत घेतली. एकदा त्यांनी माझ्यासमोर खाली वाकून स्वतःच्या सँडलचा पट्टा लावला आणि खुदकन हसल्या.

मग त्यांना नोकरी लागली. त्याच हॉकर सेंटरमध्ये, तीच ताटं उचलायची. "याच कामाने तर त्यांची कंबर गेली होती," मी तिथल्या अधिकारी बाईंना म्हटलं.

"आता फिट आहेत ना? जॉब मिळाला, गुड इनफ लाह," बाई सिंगापुरी हेल काढत म्हणाल्या. फळांची टोपली हातात देऊन आंटींचा फोटो काढला गेला आणि मोठा करून केंद्राच्या भिंतीवर लागला. मला त्या भिंतीची किळस यायला लागली.

एका रविवारी नवऱ्याच्या वन-नॉर्थच्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर आंटींच्याच हॉकर सेंटरमध्ये जेवलो. मी ताटं गोळा करायला लागले, तर एक जण म्हणाला, "वहिनी, राहू द्या हो. आपणच उचलली तर त्या लोकांना काम काय उरणार?" ढेकर देत दाखवलेली ही दयाबुद्धी ऐकूनही मी ताटं गोळा करतच राहिले. पलीकडे आंटी मी शिकवल्याप्रमाणे गुडघ्यात वाकून खरकटं बादलीत लोटत होत्या. मला पाहिल्यावर त्यांनी पाठ आणखी ताठ केली.

दिवाळीनंतर केंद्रात नवी बॅच आली, तर पहिल्याच खुर्चीत आंटी. कंबरेला पट्टा, एक हात भिंतीला टेकलेला. काम सुटलं होतं. अधिकारी बाई मात्र खुशीत. म्हणाल्या, जुनं माणूस असलं की बाकीच्यांना धीर येतो.

आंटींच्या डोक्यावरच तो फोटो होता. माझं डोकं सणकलं. स्टूल ओढून मी तो काढायला चढले, तर त्यांनी माझा कुर्ता धरला.

"काढू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यात माझी पाठ सरळ आहे."