मापाचे कपडे

इनासकाका गेल्याची बातमी माझ्याकडे लखमीनं आणली. डहाणू रोडला स्टेशनसमोरच्या गल्लीत माझं दोरे-बटणांचं दुकान आहे. सकाळी शटर वर करून उदबत्ती लावत होतो, तोच ती पायरीवर येऊन उभी राहिली. "काका पहाटे गेले," म्हणाली. मग जरा थांबून, "त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण तुटलंय. तसंच एक द्या." मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं एकेक बटण बोटांत धरून सावकाश हवं ते शोधलं.

इनासकाका वसईकडचे ख्रिस्ती, पेशानं शिंपी. बायको वारल्यावर मुलीनं आपल्याकडे बोलावलं होतं, पण चर्चमधल्या कुणीतरी सरावलीच्या आश्रमाचं सांगितलं आणि काका शिलाई मशीन टेम्पोत घालून इकडे आले ते इथलेच झाले. बेघर माणसांचा हा आश्रम सिस्टर चालवतात. स्टेशनवर, बसस्टँडवर, तलासरीला हायवेच्या ढाब्यांमागे पडून राहिलेली माणसं तिथं येतात. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, कधी आईबापांचा पत्ता नसलेली पोरं. दोरे घ्यायला काका माझ्याकडे यायचे, चहा व्हायचा, त्यातून आमचं जमलं.

आश्रमात मुंबईहून जुन्या कपड्यांची पोती येत. सिस्टर म्हणायच्या, "काका, कपाटं भरलीत. तुम्ही कशाला डोळे फोडता?" काकांचं उत्तर ठरलेलं. "सिस्टर, ही माणसं जन्मभर दुसऱ्याच्या मापाचं घालत आलीत. एक तरी जोडी त्यांच्या मापाची असू दे." येईल त्याचं माप घेऊन ते नवं शिवत आणि प्रत्येक कपड्याला खिसा ठेवत. अगदी झबल्यालासुद्धा. "तान्ह्या पोराला खिसा कशाला हो?" मी विचारलं. "आत्तापासून सवय असलेली बरी," ते म्हणाले. एकदा नाताळच्या आधी मी म्हटलं, काका, एवढी मेहनत कशासाठी? तर हसून म्हणाले, "आमचा येशू जन्मला तेव्हा त्याला फडक्यात गुंडाळावं लागलं. मापाचं काही नव्हतं. तेव्हापासूनचं राहिलंय ते काम." काही जण नवे कपडे अंगावर चढवून निघून जात, पुन्हा दिसत नसत. सिस्टरना वाईट वाटे. काकांना नाही. "धड कपड्यांत गेला ना? मग झालं."

लखमी तेव्हा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, पुलाखाली राहायची. तलासरीकडची, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, एवढंच लोकांना ठाऊक होतं. उन्हाळा असो की थंडी, अंगावर पुरुषाचा फाटका रेनकोट. पायाला जखम झाली होती, ती चिघळत चालली होती. सिस्टरनी आणलेलं जेवण ती घेई, पण आश्रमात चल म्हटलं की मान फिरवी आणि पट्टी बांधायला कुणी वाकलं की दगड उचलायची. असंच राहिलं तर पाय जाईल, असं सिस्टरबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले होते.

एक दिवस काका माझ्या दुकानातून निघाले ते सरळ तिच्याकडे गेले. मी पायरीवरून बघत होतो. "पोलकं शिवतो तुला. माप लागेल," ते म्हणाले.

"हात लावू नको."

"बरं. मग तूच घे." त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे धरली.

तिनं ती बराच वेळ उलटसुलट केली. मग म्हणाली, "आधी तुजं देस."

काका भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. रिक्षास्टँडवरची पोरं हसायला लागली. लखमी लंगडत त्यांच्याभोवती फिरली, छाती, पाठ, बाही, सगळं मोजलं. काका एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकासारखे ताठ. मग तिनं स्वतःचं माप घेतलं.

पोलकं अंगाला नेमकं बसलं. तिनं खिशात हात घातला, तो तसाच आत ठेवला आणि विचारलं, "तिथं आले तर परत येता येल?"

"कडी आतून आहे," काका म्हणाले. "तुझी तू काढ आणि ये."

त्या संध्याकाळी ती सिस्टरच्या गाडीत बसली. पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले, पण झाला. कंटाळा येतो म्हणून ती काकांजवळ काजं करायला बसू लागली. मग हातशिलाई, मग मशीन. काकांना मोतीबिंदूमुळे नीट दिसेनासं झालं तेव्हा सुईत दोरा तीच ओवून द्यायची. शेवटी ते फार दुखण्यात पडले नाहीत. दुपारी एका आजोबांचा लेंगा पुरा केला, रात्री पेज घेतली, झोपले... सरावलीतले, शेजारच्या मसोलीतले कितीतरी लोक मातीला आले होते.

गेल्या आठवड्यात दोरे पोचवायला मी आश्रमात गेलो. शिलाईच्या खोलीचं दार उघडं होतं. लखमी पाठमोरी बसून कापड कापत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची वाटली, म्हणून दारातच थांबलो. कापड कापताना काका वसईकडचं एक लग्नाचं गाणं म्हणायचे, त्याचीच ती चाल. शब्द मात्र तिचे, तिच्या पाड्यावरचे. काकांची चाल आपल्या तोंडी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ती कदाचित थांबली असती.